दीड कविता तेल

४ जानेवारी

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार घातला असता, पण माझ्या नव्या खोलीत दोन टेबलं, एक कपाट आणि आग विझवायची सतरा नळकांडी आहेत. तेव्हा उभ्याउभ्याच वाकले, असं समजा. फोन करणार होते, पण आई म्हणाली की कॉम्प्रेसरांच्या खोलीत पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला फोन करणं म्हणजे विहिरीत बोलणं. आपलाच आवाज परत येतो. म्हणून हे पत्र.

बातमी अशी की तुमची भिंगरी तुमच्याच कारखान्यात सुरक्षा अधिकारी झाली. आज सहावा दिवस. बुटात मटार, खिशात मटार, काल केस विंचरताना एक मटार टणकन आरशावर आपटला. गेटवर नाव सांगितलं तर कुणी ओळखेना. ‘मास्तरांची भाची’ म्हटल्यावर मात्र वॉचमन खुर्चीवरून उठला आणि मला बसवून स्वतः उभा राहिला. कविता म्हणणाऱ्या इंजिन-ऑपरेटरला मास्तर म्हणणारा हा जगातला एकच कारखाना असेल.

आता कामाचं. आई हे पत्र आधी वाचणार, म्हणून तिच्यासाठी थोडं फोडून लिहिते. मटार गोठवायची थंडी अमोनियामुळे मिळते. तो नळ्यांतून फिरताना यंत्रातलं तेल सोबत ओढून नेतो, आणि ते एका टाकीच्या तळाशी साचतं. आठवड्यातून एकदा, आणि मोसमात रोज, ते खालच्या झडपेतून काढावं लागतं. झडपेला स्प्रिंग असते. दांडा दाबून धरला तर ती उघडी; हात सोडला की आपोआप बंद. कारण तेल संपलं की मागून अमोनिया येतो, आणि तो डोळे, कातडी, छाती काहीच सोडत नाही. माणूस घाबरून पळाला तरी झडप मिटलेली असावी, एवढाच त्या स्प्रिंगचा उद्देश.

मामा, मी इंजिनरूमची वही उघडली. ‘सोमवार: तेल काढले, दीड कविता. मागील सोमवार: एक कविता, तीन कडवी.’ एका ठिकाणी लिहिलंय, ‘पाऊण कविता, पुढे खोकला.’ मी फोरमनना विचारलं, हे काय? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी थर्मामीटर कशाला लागतो असं विचारलंय. म्हणाले, बाई, ते माप आहे.

हेही मी हसून गिळलं असतं. पण त्या दांड्याला एक वजन टांगलेलं असतं. जुन्या तराजूचं, दोन किलोचं, तारेच्या आकड्याला. ते अडकवलं की झडप उघडीच राहते आणि ऑपरेटर हात मोकळे सोडून, डोळे मिटून, रंगात येऊन कविता म्हणतो. त्या वजनाला सगळे ‘मास्तरांचा हात’ म्हणतात. हा हात कुठून आला, ते कळवा. एक फेब्रुवारीला मोसम सुरू होतोय. त्याआधी ते वजन उतरलं नाही, तर कुणीतरी भाजणार हे मला स्वच्छ दिसतंय.

तुमची,
भिंगरी


११ जानेवारी

चिरंजीव भिंगरीस, तिच्या आसपासच्या सर्व मटारांसह, आशीर्वाद.

तुझं पत्र मामीनं मोठ्यानं वाचलं. मग मी मनात वाचलं. मग अंगणात नेऊन पुन्हा वाचलं, कारण काही पत्रं उन्हात वेगळी दिसतात.

अगं, ते अजून कविता म्हणतात! मला वाटलं होतं, माझ्यामागे ती खोली मुकी झाली असेल. ती कविता आम्हाला चौथीत होती. नदीवरची, बारा कडवी. आमच्या गुरुजींची छडी अशी की चूक झाली तर पहिल्यापासून. त्यामुळे बाराव्या कडव्याशी पोचलेला मुलगा समुद्राला मिळालेल्या नदीसारखाच दिसायचा, थकलेला आणि पसरलेला. पुढे कारखान्यात लागलो, तर दांडा दाबून नुसतं उभं राहायचं काम आलं. हात गुंतलेला, तोंड रिकामं. म्हणू लागलो. एके दिवशी ध्यानात आलं की बारावं कडवं संपतं तेव्हाच तेलाला फेस यायला लागतो, म्हणजे तेल संपत आलं. मग मी बाकीच्यांना शिकवली. एक धिप्पाड वेल्डर होता, सातव्या कडव्यापाशी दरवेळी त्याचा गळा दाटून यायचा. त्याच्या पाळीचं तेल नेहमी जास्त निघायचं.

फोरमन कसा आहे? माझ्या हाताखाली लागला तेव्हा सत्तावीस वर्षांचा फिटर होता, काठीसारखा. बोलायचा मोजकं. एकदा चहाचं भांडं अंगावर सांडून त्याचा हात भाजला होता, तेवढा अपघात सोडला तर आमची कारकीर्द निष्कलंक.

वजनाचं मात्र मला नीटसं आठवत नाही. भांडारात एक मोडका तराजू होता खरा. कुणीतरी आणून लावलं असेल. लोक काय, कशालाही कुणाचंही नाव देतात.

तू नाक सांभाळ. रोज त्या खोलीत बसणाऱ्याला आठवड्याभरात वास कळेनासा होतो, आणि वास येत नाही म्हणजे गळती नाही, असं त्याला वाटू लागतं. मला पहाटे दवात भिजलेली बाग आणि अमोनिया यांतला फरक कळायचा नाही, अशी शेवटी स्थिती झाली होती. आणि खरं सांगतो, अजून बागेत गेलो की मला कारखानाच आठवतो.

मामा


१७ जानेवारी

तीर्थरूप मामा,

लढाईची खबर देते. मोसमाच्या तयारीत यंत्रं जोरात चालवून बघताहेत, त्यामुळे सध्याही तेल रोज काढावं लागतंय. सोमवारी मी वजन काढून कपाटात ठेवलं आणि किल्ली खिशात टाकली. मंगळवारी दांड्याला गोठलेल्या मटारची दोन किलोची पिशवी टांगलेली. ती जप्त केली. बुधवारी नटबोल्टांनी भरलेली बादली. बादली उचलून नेली, तर गुरुवारी दांड्याला एका ऑपरेटरचा बूट, आत वाळू भरून. तो बिचारा एक पाय मोज्यावर ठेवून बाराही कडवी म्हणत उभा होता. मी रागवायला तोंड उघडलं आणि हसतच सुटले. अधिकाऱ्यानं असं हसू नये, हे मला ठाऊक आहे.

शुक्रवारी सराव घेतला: भोंगा वाजला की वाऱ्याच्या आडव्या दिशेनं बाहेर पडायचं, आणि दिशा बघायची छपरावरच्या, वाऱ्यानं फुगून फिरणाऱ्या कापडी मोज्याकडे पाहून. भोंगा वाजला. सगळे बाहेर आले, वर पाहिलं, आणि शिस्तीत, एका रांगेत, बरोबर वारा जिकडे वाहतो तिकडे चालू लागले. म्हणजे खरा अमोनिया असता तर तो त्यांच्या पाठीमागून चालत आला असता. चौकशी केली. मूळचा मोजा फाटल्यावर कुणीतरी पायजम्याचा एक पाय शिवून लावलाय, आणि त्याचं खालचं तोंडही शिवून टाकलंय, पाऊस जाऊ नये म्हणून. तो फुगत नाही, फिरत नाही, नुसता एका बाजूला लोंबतो. एकच दिशा दाखवतो, वॉचमनच्या चौकीची. नवा मोजा आजच बसवला.

आता मुख्य. फोरमनशी बसून बोलले. माणूस वाईट नाही. उलट सगळं यंत्र त्यांच्या बोटांवर आहे. कुठली झडप कधी कुरकुरते, हे त्यांच्याशिवाय कुणालाच माहीत नाही. मॅनेजर म्हणतात, ऐकत नसेल तर लेखी हुकूम काढा. हुकूम काढला तर ते त्याच दिवशी घरी जातील, आणि मोसमात हे यंत्र माझ्या भरवशावर चालेल, या कल्पनेनं मलाच गॅसपासून वाचायचा मुखवटा घालावासा वाटतो. म्हणजे मला दोन्ही हवंय: वजन उतरायला हवं आणि फोरमन टिकायला हवेत.

ते एकच सांगतात. “मास्तरांनी लावलंय. मास्तरांनी काढावं.”

गंमत म्हणजे ते स्वतः वजन लावत नाहीत. त्यांची पाळी आली की दांडा हातानंच धरतात, अर्धा अर्धा तास. मला वाटतं, ताकद दाखवायची हौस. आणि दुसऱ्या कुणी तेल काढायला घेतलं की हातातलं काम टाकून तिथे येऊन उभे राहतात, काही न करता. कविता ऐकायला येत असावेत.

एक विचारू? काल त्यांनी बाही वर केली. डावा हात मनगटापासून कोपराच्या वरपर्यंत चकचकीत आहे, गुळगुळीत कागदासारखा. मी विचारलं तर म्हणाले, चहा. मामा, किती चहा?

भिंगरी


२१ जानेवारी

चि. भिंगरीस आशीर्वाद.

इकडे हवा छान आहे. शेजारच्यांनी पिवळी फुलं लावली आहेत. मी नव्या मोज्यासाठी चार ओळी केल्या आहेत, त्या छपरावर जाणाऱ्या शिडीपाशी लाव:

वारा म्हणतो, बघ मज आधी,
मग ठरव तुझी पळायची गादी;
मी ज्या वाटे निघे फिराया,
त्या वाटे तू नकोस जाया.

दुसरी ओळ कच्ची आहे, हे मलाही कळतं. पळायची गादी म्हणजे काय, असं मामीनं विचारलं, तेव्हा मी तिला ती पिवळी फुलं दाखवली. बाकी ठीक.

मामा


२४ जानेवारी

तीर्थरूप मामा,

कविता शिडीपाशी लावली. सगळे पाठ करताहेत. गादीवर कुणीही आक्षेप घेतलेला नाही.

पण मी चहाचं विचारलं होतं.

आठ दिवस उरले.

भिंगरी


२६ जानेवारी

चिरंजीव भिंगरी,

हे पत्र तीनदा फाडून चौथ्यांदा लिहितो आहे, म्हणून अक्षर शाळेतल्यासारखं सुबक आलंय.

चहा नव्हता.

तीस वर्षांपूर्वीची दुपार. मी दांडा दाबून उभा होतो, आणि माझ्या मनात एक ओळ आली. माझी स्वतःची. तशी ओळ आयुष्यात दोनतीनदाच येते आणि थांबत नाही, हे तुला कसं समजावू? कागद-पेन्सिल टेबलावर, सहा पावलांवर. हात सोडला तर झडप मिटेल, पुन्हा पहिल्यापासून मांडामांड. कोपऱ्यात ते वजन पडलेलं होतं. तार वळवली, आकडा केला, अडकवलं आणि गेलो. एका ओळीच्या चार झाल्या. मी पाठमोरा होतो. फेस आलेला मला दिसला नाही. दिसलं ते एकदम पांढरं, जमिनीवरून सरपटत येणारं. आणि त्यातून तो सत्तावीस वर्षांचा पोरगा, तोंडाला ओला कपडा बांधून, त्या वजनाकडे झेपावलेला. त्यानं ते ओढून काढलं, झडप मिटली. त्याचा हात त्या फवाऱ्यातून गेला होता.

मी त्याला पाण्याखाली धरलं, पंधरा मिनिटं, आणि तेवढ्या वेळात अहवालात काय लिहायचं तेही ठरवलं. लिहिलं, चहाचं भांडं. साहेबांनी त्याला विचारलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि होकाराची मान डोलावली.

याहून वाईट पुढचं आहे. वजन तिथेच पडलं होतं. पुढच्या आठवड्यात दुसऱ्यानं पाहिलं, त्याला वाटलं मास्तरांनी काय झकास युक्ती काढली, आणि त्यानं ते अडकवलं. मी ‘नको’ म्हटलं असतं, तर तो ‘का’ म्हणाला असता. म्हणून मी काहीच म्हटलं नाही. अकरा वर्षं, निवृत्त होईपर्यंत, ते रोज पाहिलं आणि काही म्हटलं नाही.

त्या चार ओळी मला आज आठवत नाहीत. एक शब्दही नाही.

मामीला काल सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, “तुम्ही चहा पीत नाही, तेव्हाच मला कळलं होतं.” आणि निवडत राहिली.

सोबतचा कागद इंजिनरूममध्ये, सगळे असताना, मोठ्यानं वाच. त्यात वरचं सगळं आहे, काही गाळलेलं नाही. खाली तीन गोष्टी लिहिल्या आहेत. पहिली: वजन मी लावलं, मी काढतो. आजपासून दांड्याला हाताखेरीज काही लागणार नाही. दुसरी: तेल दोघांनी मिळून काढायचं, मुखवटा आणि हातमोजे घालून. आणि तिसरी: तेल डोळ्यांनी बघायचं, कवितेनं मोजायचं नाही. कधी तेल कमी असतं, कधी जास्त. नदीला ते कुठून कळणार. ही तिसरी ओळ दोनदा खोडली, पण लिहिली आहे.

मामा


३१ जानेवारी

तीर्थरूप मामा,

वाचलं. काल दुपारी, यंत्रं देखभालीसाठी बंद होती तेव्हा. अकरा जण, मी आणि फोरमन. माझा आवाज दुसऱ्याच परिच्छेदाला फाटला, म्हणून मोठ्या ऑपरेटरनं कागद घेतला. ज्याचा बूट होता, तोच. त्यानं सवयीनं पहिली ओळ चालीवर म्हटली, मग थांबला, आणि पुढचं साध्या आवाजात वाचलं.

फोरमन पूर्ण वेळ जमिनीकडे बघत होते. वाचून झाल्यावर सगळे त्यांच्या हाताकडे बघायला लागले, तर त्यांनी बाही खाली केली. मग माझ्याकडून किल्ली घेतली, कपाटातून वजन काढलं, आकडा सरळ केला, ती तार खिशात टाकली आणि मला म्हणाले, भंगाराची गाडी कधी येते? मी म्हटलं, बुधवारी. म्हणाले, आजच बोलवा.

वजनासाठी कुणी रडलं नाही, पण कवितेसाठी अकरा जणांनी अर्ज केला. खरंच, लेखी. वाटाघाटी दीड तास चालल्या. ठरलं असं की तेल काढताना तोंड बंद, डोळे नळीवर. झडप मिटली, हातमोजे निघाले, वहीत सही झाली, की मग म्हणायची, सगळ्यांनी मिळून, बाराही कडवी. मॅनेजर नेमके तेव्हा पाहुणे घेऊन आले. पाहुण्यांनी विचारलं, हे काय चाललंय? मॅनेजर म्हणाले, सुरक्षा.

उद्या मोसम.

भिंगरी


९ फेब्रुवारी

तीर्थरूप मामा,

आज काहीच झालं नाही. ते तुम्हाला सविस्तर सांगायचंय.

दुपारचे तीन. मटारच्या गाड्या गेटबाहेर वळणापर्यंत लागलेल्या. झडपेवर फोरमन, शेजारी बूटवाला, दोघं मुखवट्यात, दोन बेडूक उभे केल्यासारखे. तेल गुळाच्या काकवीसारखं उतरत होतं. तेवढ्यात खिडकीतून एक गांधीलमाशी आली. तिनं एक फेरी मारली, बूटवाल्याला नाकारलं आणि थेट फोरमनच्या कॉलरमध्ये शिरली.

मामा, एवढा भारदस्त माणूस असा नाचलेला मी पाहिला नव्हता. एक हात पाठीत, एक हात हवेत, गोल गोल, भिंतीपर्यंत आणि परत. दांडा केव्हाच सुटला होता. आणि झडप? टक. मिटली. दोन थेंब पडले, तेलाचे. पांढरं काही नाही, वास नाही, भोंगा नाही. माशी बाहेर पडली आणि आल्या खिडकीनं निघून गेली.

मग फोरमननी मुखवटा वर केला, मिटलेल्या झडपेकडे पाहिलं, आणि हसायला लागले. आधी खांदे, मग पोट. बूटवाला हसला, मी हसले, बाहेरून मटार ओढणारी एक बाई फावडं घेऊन बघायला आली ती काही न कळताच हसली. फोरमन पायरीवर बसले, डोळे पुसले, आणि माझ्याकडे कागद मागितला. लिहायला त्यांना पाऊण तास लागला. कुणाला बघू दिलं नाही. पाकीट बंद करून दिलं, ते सोबत आहे.

भिंगरी


९ फेब्रुवारी

मास्तरांना नमस्कार.

मला पत्र लिहायची सवय नाही. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी ते वजन कधी लावलं नाही. पण काढूही दिलं नाही. काढलं तर कुणीतरी का म्हणून विचारणार, आणि तुमचं नाव निघणार. तुम्ही मला काम शिकवलं. म्हणून मी दुसरा उपाय केला. कुणीही वजन लावलं की मी जाऊन शेजारी उभा राहायचो. तीस वर्षं उभा राहिलो. लोकांना वाटायचं मला कवितेची आवड. मला ती कविता मुळीच आवडत नाही, आज सांगतो.

पुढच्या वर्षी मी निवृत्त होतोय. माझ्यामागे कोण उभं राहणार याची काळजी होती. बाईंना सांगता येत नव्हतं. तुमचं पत्र वाचलं तेव्हा मला राग आला, इतकी वर्षं लावलीत म्हणून. दहा दिवस राग होता. आज माशीनं घालवला.

आज बूटवाला झडपेवर होता आणि मी माझ्या टेबलापाशी बसून होतो. नाही, आधी मी होतो, माशी आली, मग त्याला दिली. त्यानं दुसऱ्या ऑपरेटरला सोबत घेऊन काम पुरं केलं तेव्हा मी बसून होतो. बसायला बरं वाटलं. खुर्ची चांगली आहे, मला माहीत नव्हतं.

मोसम संपेपर्यंत मला सुटी नाही, तेव्हा तुम्हीच या. वहिनींनाही आणा. गेटवर भाचीचं नाव सांगा, तुमचं सांगू नका. तुमचं सांगितलंत तर ते तिथेच अडवून बाराही कडवी म्हणायला लावतील, आणि माझ्यापर्यंत पोचायला तुम्हाला संध्याकाळ होईल.

तुमचा,
फिटर